सर्किट बेंच झालं, आता तालुक्याच्या कोर्टाचं बोला

कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती जिथं येऊन काम चालवतात ते ठिकाण, सुरू झालं, १७ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवसापासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत काम चालू. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या लोकांना आता प्रत्येक तारखेला मुंबई गाठायला नको. चाळीसेक वर्षांचं आंदोलन होतं ते, वकिलांनी काम बंद ठेवलं, मोर्चे काढले, प्रत्येक मुख्यमंत्र्याला निवेदनं दिली, आणि शेवटी मिळालं. ते मिळायलाच हवं होतं, यात माझं काही दुमत नाही. सावंतवाडीच्या माणसानं एका अपिलासाठी पाचशे किलोमीटर जायचं आणि संध्याकाळी "पुढची तारीख" ऐकून परत यायचं, याला न्याय म्हणत नाहीत.

पण मला खटकतं ते दुसरंच. या चाळीस वर्षांत तालुक्याच्या कोर्टात बेलीफ, म्हणजे कोर्टाचे हुकूम जागेवर जाऊन बजावणारे कर्मचारी, कमी आहेत म्हणून कुणी मोर्चा काढल्याचं मला तरी आठवत नाही. एकच न्यायाधीश सकाळी रिमांड घेतो, म्हणजे अटकेतल्या आरोपीला कोठडीत ठेवायचं की नाही ते ठरवतो, आणि दुपारी जमिनीचा दावा चालवतो, हे बरोबर आहे का यावर कुणी उपोषण केलं नाही. आता पुण्याची खंडपीठाची मागणी आहेच, उद्या आणखी कुणाची येईल. सगळ्यांची नजर वरती. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की राज्यातल्या कोर्टांची जी रचना आहे तिचा खरा रोग सगळ्यात खालच्या मजल्यावर आहे, वरचे मजले कितीही जवळ आणून ठेवले तरी तो बरा होणार नाही, उलट काही बाबतीत वाढूही शकेल. ते कसं, हे सांगतो.

आधी रचना काय आहे ते थोडक्यात, कारण सिनेमे बघून आपल्या डोक्यात बराच घोळ झालेला असतो. अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी आणि केंद्राची वेगळी, दोन स्वतंत्र शिड्या. (न्यूयॉर्क राज्यात तर ज्याला सुप्रीम कोर्ट म्हणतात ते सगळ्यात वरचं नसतंच, तिथं खटला पहिल्यांदा चालतो. त्यांचं त्यांना लखलाभ.) आपल्याकडं शिडी एकच. तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, तोच प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी म्हणजे जेएमएफसी. त्याच्यावर वरिष्ठ स्तर, त्याच्यावर जिल्हा न्यायाधीश, जो फौजदारी कामात सत्र न्यायाधीश असतो. त्याच्यावर हायकोर्ट, १८६२ साली स्थापन झालेलं, मुंबईला मुख्य आणि नागपूर, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, पणजी इथं खंडपीठं, शिवाय आता कोल्हापूर. आणि मग दिल्ली. कायदा केंद्राचा असो की राज्याचा, माणूस चढतो याच शिडीनं.

आता या शिडीवर गर्दी कुठंय? महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांत मिळून पन्नास लाखांच्या वर केसेस पेंडिंग आहेत, कुणीही मोबाईलवर नॅशनल ज्युडिशियल डेटा ग्रिड उघडून बघू शकतो. यातल्या बहुतेक लोकांचा हायकोर्टाशी आयुष्यात संबंध येणार नाही. त्यांच्यासाठी कोर्ट म्हणजे तालुक्याची ती इमारत, तो पट्टेवाल्याचा पुकारा, तो व्हरांडा आणि ते एक साहेब. तिथं जे होईल तोच त्यांचा न्याय.

आणि तिथं दिवस कसा जातो बघा. लहान तालुक्यात एकच न्यायाधीश दिवाणी आणि फौजदारी दोन्ही बघतो. पोलिसांनी कुणाला अटक केली की चोवीस तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावंच लागतं, राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच ते लिहिलंय, आणि ते अगदी योग्य आहे, माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. म्हणजे रिमांड आला की बाकीचं थांबणार. मग जामीन अर्ज. मग जेलमधल्या आरोपीची केस, ती लांबवता येत नाही. मग पोटगी, घरगुती हिंसाचाराचे अर्ज, तेही तातडीचे. मग चेक बाउन्सचा ढीग, कलम १३८ वाला, ज्यानं कोर्टांना वसुली खातं करून टाकलंय. एवढं सगळं झाल्यावर दुपारी उशिरा कधीतरी बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामांच्या यादीत, तळाला असलेला वाटपाचा दावा पुकारला जातो, साक्षीदार सकाळपासून बसलेला असतो, अर्धी उलटतपासणी होते आणि वेळ संपते. पुढची तारीख. यात कुणी कामचुकार नाही, न्यायाधीश नाही की वकील नाही, निदान दरवेळी तरी नाही. रचनाच अशी आहे की ज्या कामाला घटनेनं घड्याळ लावलंय ते पुढं जाणार आणि ज्याला घड्याळ नाही ते रोज मागं पडणार. दिवाणी दावा रोज हरतो, निकाल लागायच्या आधीच हरतो.

याच्यावर आणखी एक गंमत आहे, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. दावा कनिष्ठ स्तराकडं जाणार की वरिष्ठ स्तराकडं हे ठरतं दाव्याच्या रकमेवर. पण शेतजमिनीच्या दाव्याचं मूल्यांकन बाजारभावानं होत नाही, जमिनीचा जो आकार म्हणजे सारा असतो त्याच्या पटीत होतं. तो आकार किती, काही रुपये. त्यामुळं हायवेला लागून असलेली, आज कोट्यवधी भाव असलेली जमीन कागदावर किरकोळ किमतीची ठरते आणि तिचा दावा जातो सगळ्यात ज्युनिअर न्यायाधीशापुढं. शेतकऱ्याला कोर्ट फी कमी पडावी हा यामागचा हेतू चांगलाच आहे, त्याला हात लावू नये. पण परिणाम काय होतो? तीन पिढ्यांची वंशावळ, जुने फेरफार, कूळ कायद्याचा दाखला, नोंद नसलेलं वाटणीपत्र, असला गुंता सोडवायला बसतो तो नुकताच एमपीएससीची परीक्षा पास होऊन आलेला माणूस. सुप्रीम कोर्टानं २० मे २०२५ ला निकाल दिला की या परीक्षेला बसायला तीन वर्षांची वकिली पाहिजे, बरं झालं, पण त्याआधी अनेक वर्षं कॉलेजमधून थेट न्यायासनावर येता येत होतं. मी त्या पोरापोरींना दोष देत नाही, त्यातले कित्येक हुशार आणि जीव तोडून काम करणारे आहेत. पण अवघड काम आणि अनुभव यांची गाठच पडू नये अशी व्यवस्था आपण करून ठेवलीय.

आता मुंबई बघा. मुंबई शहर म्हणजे जुनं प्रेसिडेन्सी टाऊन, इंग्रजांनी तिथल्या व्यापाऱ्यांसाठी वेगळी सोय केली होती, ती अजून चालू आहे. तिथला मोठ्या रकमेचा दिवाणी दावा पहिल्यांदाच हायकोर्टात दाखल होतो, ओरिजिनल साइडला. आधी एक कोटीच्या वरचा जायचा, जानेवारी २०२४ पासून दहा कोटींच्या वरचा, त्याखालचे सिटी सिव्हिल कोर्टात. ही मर्यादा वाढवली ते उत्तम केलं. तरी मूळ प्रश्न राहतोच की मुंबईतल्या अकरा कोटींच्या वादाला पहिल्याच पायरीवर हायकोर्टाचा न्यायमूर्ती, आणि जत नाहीतर माण तालुक्यातल्या माणसाची, जिच्यावर त्याचं सगळं घर उभंय ती जमीन, तिला सगळ्यात नवा न्यायाधीश. हायकोर्टाला मंजूर न्यायमूर्ती ९४, तेही क्वचितच पूर्ण भरलेले असतात, आणि त्यातल्या काहींचा वेळ जातो मूळ दावे चालवण्यात. दीडशे वर्षांपूर्वी यामागं काही कारण असेल. आज पुण्यात शंभर कोटींचा दावा खालच्या कोर्टात चालू शकतो तर मुंबईत का नाही, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

बरं, गावच्या माणसाची कोर्टाची सुरुवात न्यायाधीशापुढं होतेच असं नाही. बहुतेकांची होते तहसीलदारापुढं. बांधावरून रस्ता अडवला, तर मामलेदार कोर्ट कायदा, सन १९०६, अजून जिवंत आहे आणि रोज वापरला जातो. तहसीलदारानं दिलेला हुकूम पटला नाही की रिव्हिजन म्हणजे फेरतपासणीचा अर्ज प्रांताकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडं, त्यातूनही समाधान नाही झालं तर दिवाणी कोर्टात दावा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. सातबाऱ्यावरच्या नोंदीचं तर विचारू नका. तलाठ्यानं नोंद धरली, हरकत आली, मंडळ अधिकाऱ्यापुढं तक्रार केस, मग प्रांत, मग अप्पर जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्तांचं ऑफिस, आणि प्रकरण मंत्रालयात महसूल मंत्र्यापर्यंत सुद्धा जाऊ शकतं. मंत्री कोर्टासारखा बसून सुनावणी घेतो! आणि एवढं सगळं लढून जिंकलात तरी सुप्रीम कोर्टानं कितीतरी वेळा सांगितलंय की फेरफाराच्या नोंदीनं मालकी ठरत नाही, मालकी दिवाणी कोर्टच ठरवणार. म्हणजे एकाच जमिनीसाठी दोन शिड्या, एक महसूलची आणि एक कोर्टाची, दोन्हीकडं वकील, दोन्हीकडं तारखा, आणि दोन्हीकडून वेगवेगळे हुकूम हातात घेऊन दोन भाऊ एकाच बांधावर उभे.

त्यात तहसीलदार कोण? तोच निवडणुकीच्या कामात, तोच पंचनाम्यांत, तोच वाळूच्या ट्रॅक्टरमागं पळणार, तोच पालकमंत्र्यांच्या दौऱ्याला हजर, आणि आठवड्यातून एखादा दिवस तो "कोर्ट". त्याची बदली त्याच पुढाऱ्यांच्या मर्जीवर ज्यांचा कार्यकर्ता त्याच्यापुढं पक्षकार म्हणून उभा असू शकतो. राज्यघटनेच्या कलम ५० मध्ये न्यायसंस्था आणि शासनसंस्था वेगळी ठेवा असं सांगितलंय, आणि आपण शाळेत नागरिकशास्त्रात ते पाठ केलंय, पण जमिनीच्या बाबतीत ते अजून अर्धवटच झालंय. राज्याच्या कोर्टरचनेवर चर्चा होते तेव्हा महसुलाची ही शिडी कुणी मोजतच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, निकाल लागल्यावर काय. आपल्याला वाटतं निकाल लागला म्हणजे संपलं. वकिलांना विचारा, ते हसतील. हुकूमनामा मिळाला की दरखास्त दाखल करावी लागते, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करा असा वेगळा अर्ज, त्याला वेगळा नंबर, वेगळ्या नोटिसा, वेगळ्या तारखा. मग बेलीफ कब्जा वॉरंट घेऊन जातो, तिथं एखादा तिऱ्हाईत उभा राहतो आणि म्हणतो ही जागा माझी आहे, मी त्या दाव्यात पार्टी नव्हतो. मग त्याच्या हरकतीची चौकशी, ती जवळजवळ नवा दावा चालल्यासारखी चालते, तिच्यावर परत अपील. पोलिस बंदोबस्त हवा तर त्याचा वेगळा अर्ज. आणि शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणं प्रत्यक्ष वाटप कोर्ट करतच नाही, कागद जातो कलेक्टरकडं, तिथून तहसीलदाराकडं, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेखकडं, आणि तिथं तो पडून राहतो. कोर्टाच्या हिशेबात दावा निकाली. ज्याचा दावा आहे त्याला एक गुंठाही मिळालेला नसतो.

हे मी उगाच रंगवून सांगत नाही. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या हायकोर्टांना सांगितलं की दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा. ऑक्टोबरमध्ये आकडे समोर आले तेव्हा देशभरात साडेआठ लाखांच्या वर दरखास्ती पडून होत्या, आणि त्यात पहिला नंबर आपला, एकट्या महाराष्ट्रात सव्वातीन लाखांच्या वर. म्हणजे सव्वातीन लाखांहून जास्त प्रकरणांत लोक केस जिंकूनही रिकाम्या हातानं बसलेत. यांच्यासाठी कोल्हापूरचं काय, घराशेजारी हायकोर्ट आणून बांधलं तरी काय होणार आहे? त्यांना पाहिजे बेलीफ, मोजणीदार आणि बंदोबस्ताला दोन पोलिस.

उलट मला भीती वेगळीच वाटते, आणि हे लिहिल्यावर काही वकील मित्र रागावतील. तालुक्याच्या कोर्टानं एखादा किरकोळ अर्ज नामंजूर केला, समजा कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर दुरुस्त करायचा किंवा कोर्ट कमिशनर नेमायचा, तरी घटनेच्या कलम २२७ खाली हायकोर्टात रिट करता येतं. आजवर मुंबईचा खर्च आणि दगदग बघून बरेच लोक त्या वाटेला जात नव्हते. हायकोर्ट जवळ आलं की तो अडसर गेला. ज्याची बाजू खरी आहे त्याच्यासाठी तो गेला हे चांगलं, पण ज्याला नुसतं लांबवायचंय त्याच्यासाठी पण गेला. एकदा स्टे मिळाला की खालचा दावा गोठला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं होतं की असा स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठेल, पण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ते रद्द केलं, कारण सरसकट सगळे स्टे उठवणं पण अन्यायाचंच आहे. दोन्ही म्हणणी आपापल्या जागी बरोबर. पण त्याचा अर्थ असा की नवं बेंच जितकं कार्यक्षम, तितकी तालुक्यातली कामं मधेच थांबायची सोय जास्त, जर तिथल्या न्यायमूर्तींनी मुद्दाम लक्ष ठेवलं नाही तर. हे होईलच असं मी म्हणत नाही. होऊ शकतं, आणि याच्यावर उद्घाटनाच्या भाषणांत कुणी बोलताना दिसलं नाही.

आता खालच्या कोर्टाचा मालक कोण हा प्रश्न. घटनेच्या कलम २३५ प्रमाणं जिल्हा आणि तालुका कोर्टांवर पूर्ण ताबा हायकोर्टाचा. बदल्या, बढत्या, गोपनीय अहवाल, सगळं. प्रत्येक जिल्ह्याला हायकोर्टाचे एक पालक न्यायमूर्ती असतात. राजकारण्यांच्या हातात हे नाही ते फार चांगलं आहे, वर तहसीलदाराचं उदाहरण दिलंच. पण पैसा कुणाचा? राज्य सरकारचा. इमारत, स्टाफची पदं, कॉम्प्युटर दुरुस्ती, सगळ्याला विधी व न्याय खातं आणि मग वित्त विभाग. म्हणजे ज्याला अधिकार आहे त्याच्याकडं तिजोरी नाही, ज्याच्याकडं तिजोरी आहे त्याला कामाशी देणंघेणं नाही, आणि ज्याला रोज काम करायचंय त्या तालुक्याच्या न्यायाधीशाकडं दोन्ही नाही. त्याच्याकडं असतात युनिट. किती निकाल काढले त्याचे गुण, महिन्याला इतके पाहिजेतच. मग माणूस काय करेल, जे पटकन निकाली निघतं ते आधी उचलेल, वीस वर्षं जुना वाटपाचा गुंता हातात घेऊन महिना घालवण्यापेक्षा दंडाची प्रकरणं मिटवेल. जुन्या केसला जास्त गुण वगैरे बदल होत असतात, तरी आकड्यांच्या मागं धावायला लावलं की असंच होणार. आणि तीनेक वर्षांत बदली. अर्धे साक्षीपुरावे एका साहेबांनी ऐकले, अर्धे दुसऱ्यांनी, निकाल तिसऱ्यांनी लिहिला, हे इतकं नेहमीचं झालंय की कुणाला काही वाटतच नाही.

न्यायाधीशांची संख्या कमी आहे हे तर जगजाहीर. १९८७ मध्ये लॉ कमिशननं सांगितलं, २००२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दहा लाख लोकांमागं पन्नास न्यायाधीश करा, आज मंजूर पदं धरून आपण एकवीसच्या आसपास आहोत, आणि देशात खालच्या कोर्टांतल्या पंचवीस हजारांवर मंजूर पदांपैकी पाचेक हजार रिकामीच. पण मी मुद्दाम हा मुद्दा पुढं केला नाही, कारण "जज वाढवा" एवढं म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि घरी जातात. आहे त्या माणसांत काय करता येईल ते बोलू.

दिवाणी आणि फौजदारी काम तालुक्याला वेगळं करा. जिथं सह दिवाणी न्यायाधीश आहेत, म्हणजे दोन-तीन कोर्टं आहेत, तिथं एकाकडं फक्त दिवाणी ठेवा आणि त्याला रिमांडची ड्युटी सुट्टीच्या दिवशीसुद्धा देऊ नका. जिथं एकच कोर्ट आहे तिथं शेजारच्या दोन तालुक्यांची जोडी करा, एक न्यायाधीश दोन्हीकडचं फौजदारी बघेल, एक दोन्हीकडचं दिवाणी, आठवड्याचे दिवस वाटून. यावर आक्षेप येतो की मग आरोपीला दुसऱ्या तालुक्याला न्यावं लागेल, पोलिसांना गाडी नसते. खरंय. पण रिमांड व्हिडिओवर घेण्याची तरतूद कायद्यात आहे, पहिल्यांदा हजर करताना मात्र प्रत्यक्षच पाहिजे, तेवढं तरी पाळा, मारहाण झालीय का हे कॅमेऱ्यावर दिसत नाही. दुसरा आक्षेप वकिलांचा, लहान तालुक्यात तोच वकील दोन्ही कामं करतो, त्याची धावपळ होईल. होईल थोडी. आज पक्षकाराची होते तेवढी नाही होणार.

दुसरं, अनुभवी माणूस खाली बसवा. जमिनीच्या मालकीचा दावा रकमेवर न जाता गुंत्यावर जाऊ दे, कोर्ट फी आहे तीच राहू दे, पण दावा वरिष्ठ स्तराच्या न्यायाधीशानं तालुक्याला येऊन चालवावा. पहिलाच निकाल पक्का असेल तर अपिलात टिकतो आणि पुढच्या दोन पायऱ्यांचा भार कमी होतो. ग्रामन्यायालयांची कल्पना, २००८ चा कायदा, याच दिशेनं होती, न्यायाधीशानं लोकांकडं जायचं, पण कायद्यात राज्यांवर सक्ती नव्हती आणि पैसे तुटपुंजे, त्यामुळं फार थोडी सुरू झाली. ती कल्पना मेली याचं मला वाईट वाटतं.

ई-कोर्टाचं मी काही बोललो नाही असं वाटेल. २०२३ मध्ये तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर झालेत, मोबाईलवर तारीख कळते, निकाल डाउनलोड होतो, छान आहे. पण तारीख कळणं आणि तारखेला काम होणं यात फरक आहे. ज्या तालुक्यात साक्ष टाइप करायला स्टेनो नाही तिथं ॲप काय करणार.

मराठीचं एक जाता जाता. तालुक्याला कामकाज मराठीत चालतं, चालायलाच हवं, पण हायकोर्टात गेलं की सगळा कागद इंग्रजीत करून द्यावा लागतो, आणि त्या भाषांतराचा खर्च पक्षकाराच्या डोक्यावर. कोल्हापूरला बेंच आल्यावर प्रवास वाचला, हा खर्च तसाच आहे.

आणि दरखास्तीचं, जे मला सगळ्यात जवळचं वाटतं. दरखास्त वेगळी दाखलच करायला लावू नका, निकाल देणाऱ्या कोर्टानंच निकालाबरोबर कब्जाची तारीख ठरवावी आणि त्या तारखेपर्यंत वरच्या कोर्टाचा स्टे आला नाही तर बेलीफ निघाला पाहिजे. वाटपाच्या हुकूमनाम्यात मोजणीदार भूमी अभिलेखच्या सोयीनं येतो, तो कोर्टाच्या हुकमानं यावा, जिल्ह्याला दोन-चार मोजणीदार कोर्टाच्याच ताब्यात द्यावेत. यातल्या कलम ५४ साठी कायदा बदलावा लागेल, ते जरा लांबचं काम आहे, जरी दिवाणी प्रक्रिया संहितेत राज्याला आपल्यापुरती दुरुस्ती करता येते आणि महाराष्ट्रानं पूर्वी अशा दुरुस्त्या केल्याही आहेत. पण बेलिफांची आणि स्टेनोंची रिकामी पदं भरायला कुठलाही कायदा बदलावा लागत नाही. त्याला लागतो एक शासन निर्णय आणि वित्त विभागाची सही. पुण्याच्या खंडपीठासाठी आता जे निवेदन घेऊन मुख्यमंत्र्यांकडं जातील त्यांनी त्याच निवेदनात, दुसऱ्या पानावर का होईना, जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुका कोर्टात बेलिफाची किती पदं मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत याची यादी जोडावी. माहिती अधिकारात मागितली तर मिळते ती.